ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय? इंजिन खोलण्याआधी प्रेशर मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, एक लाख तीस हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली. रत्नागिरीहून येताना आंबा घाट चढून मलकापुरात थांबलं, की इंजिन स्लोवर (रेस न देता, जागेवर चालू) असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. जरा रेस दिली की विझतो. सकाळी थंड इंजिनवर काहीच त्रास नाही, आणि डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे. एका गॅरेजने सांगितलं की इंजिन खोलून क्रँक-बेअरिंगचं (क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) काम करावं लागेल. दुसऱ्याने सांगितलं की जाड ऑइल टाका, दिवा जाईल. कोणाचं ऐकायचं?

इतक्यात दोघांचंही ऐकू नका. दोघांपैकी एकानेही प्रेशर मोजलेलं नाही. पहिला म्हणतो ते खरं निघू शकतं, दुसऱ्याच्या उपायाने दिवा कदाचित जाईलही, पण इंजिनात काय चाललंय हे दोघांनाही माहीत नाही. मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या परिसरात इंजिनाचीच कामं करतो. इथे क्रँक ग्राइंडिंगपासून ब्लॉक बोअरिंगपर्यंत सगळं हाकेच्या अंतरावर होतं, त्यामुळे इंजिन उतरवून खोलणं आम्हाला फार सोपं आहे. नेमकं म्हणूनच गरज नसताना खोललेली इंजिनंही माझ्याकडे येतात. खर्च करून झालेला असतो आणि दिवा पूर्वीसारखाच लुकलुकत असतो.

आधी आज काय करायचं ते सांगतो. दिवा फक्त गरम इंजिनावर, फक्त स्लोला लुकलुकत असेल आणि रेस देताच विझत असेल, तर गाडी सावकाश घरापर्यंत न्यायला हरकत नाही. घाट आणि लांबचा प्रवास मात्र निदान होईपर्यंत बंद. चालत्या गाडीत दिवा लागून राहिला, किंवा दिव्यासोबत खालून ठोकल्यासारखा आवाज आला, तर त्याच जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत काढू, असं म्हणू नका. क्रँकची पिन आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ थर असतो आणि सगळा भार त्यावरच चालतो. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो, आणि मग शेल (बेअरिंगची पातळ, अर्धगोल वाटी) बदलून भागेल असं काम काही मिनिटांत क्रँक ग्राइंडिंगवर, कधी तर नव्या क्रँकवर जातं. अशी गाडी टो करूनच आणायची.

आता प्रेशर म्हणजे काय ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. पुढे बेअरिंगच्या बारीक फटींतून जाताना ऑइलला जो अडथळा होतो, त्यातून प्रेशर उभं राहतं. उसातल्या ठिबकाचा विचार करा. मोटर तीच, पाइप तोच, पण नळीची भोकं मोठी झाली की शेवटच्या सरीपर्यंत दाब पोचत नाही. इंजिनात ही भोकं म्हणजे मेन बेअरिंग (ज्यांत क्रँक ब्लॉकमध्ये फिरतो), बिगएंड बेअरिंग (जिथे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो), आणि वरचे व्हॉल्व हलवणारे कॅमशाफ्टचे जर्नल व रॉकर शाफ्ट. फट रुंद झाली की गळती नुसती त्या प्रमाणात वाढत नाही, ती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बाकी सगळं सारखं ठेवून फट दुप्पट केली, तर तिच्यातून आठपट ऑइल निसटतं. सुझुकीच्या या इंजिनांत बिगएंडची फट साधारण ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर ठेवलेली असते. ती ०.०८ च्या पुढे गेली की शेल बदलायचा. चार शतांश मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, गेजच्या काट्याला मात्र लगेच दिसतो.

दुसरी बाजू ऑइलच्या पातळपणाची. २० डब्ल्यू ४० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (हे ऑइलच्या घट्टपणाचं माप) मध्ये असावं लागतं. तेच ऑइल ४० अंशांना त्याच्या आठ-नऊपट घट्ट असतं. म्हणून कोल्हापूरच्या हवेत सकाळी सुरू केलेलं झिजलेलं इंजिनही काही वेळ उत्तम प्रेशर दाखवतं. तुमचा दिवा सकाळी लागत नाही यावरून इंजिन चांगलं आहे असं ठरत नाही, आणि घाटानंतर लागतो यावरून ते गेलं असंही ठरत नाही.

दिवा नक्की काय सांगतो? मारुती ८०० ला ऑइल प्रेशरचा काटा नाही, फक्त दिवा आहे. ब्लॉकमध्ये बसवलेला एक वायरचा स्विच हा दिवा चालवतो. प्रेशर ठरावीक आकड्याखाली गेलं की आतला संपर्क जुळतो, वायर बॉडीला अर्थ होते आणि दिवा लागतो. अशा स्विचांचा हा आकडा बहुधा ०.३ ते ०.५ किलोच्या आसपास असतो, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चार ते सात पौंड. आम्ही ज्याला पौंड म्हणतो ते पीएसआय. एक किलो म्हणजे सव्वाचौदा पौंड. म्हणजे दिव्याला एकच सीमारेषा कळते. धावत्या इंजिनात चाळीस पौंड हवेत तिथे पंधराच आहेत, हे तो कधीच सांगणार नाही. आणि स्विचमधलं डायाफ्राम थकलं, तर प्रेशर ठीक असूनही तो लुकलुकेल.

म्हणून पहिलं काम वायरिंगचं, तेही फुकटात होणारं. चावी ऑन करा, इंजिन बंद ठेवा. दिवा लागला पाहिजे. स्विचची वायर काढा, दिवा विझला पाहिजे. वायर काढूनही दिवा जळत राहिला तर ती कुठेतरी घासून बॉडीला लागलेली आहे, आणि तुमचं दुखणं तिथेच संपू शकतं. काढलेली वायर ब्लॉकला टेकवली की दिवा पुन्हा लागला पाहिजे. स्विचच्या प्लास्टिकमधून ऑइल पाझरत असेल, वायरचं टोक ऑइलने भिजलेलं असेल, तर स्विच गेलेला आहे, तो बदला. बदलताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेटोळे घालू नका. स्विचला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो, टेप जास्त झाली तर दिवा लागायचाच बंद होतो. टेपचा तुकडा आत गेला तर तो ऑइलच्या बारीक वाटेत अडकतो, ते वेगळंच. जुनी गाडी विकत घेताना तर चावी ऑन केल्यावर हा दिवा लागतो का, हे मी सगळ्यात आधी बघतो. न लागणारा दिवा म्हणजे उडालेला बल्ब असेल, किंवा कुणीतरी मुद्दाम काढलेली वायर.

वायरिंग बरोबर असेल तर मेकॅनिकल गेज लावा. हे गेज फार महाग नसतं आणि ज्या गॅरेजात इंजिनाची कामं होतात तिथे ते असायलाच हवं. नसेल तर निदान दुसरीकडे करून घ्या. स्विच काढून त्याच भोकात गेजची नळी बसवायची. एक काळजी घ्या: जपानी घराण्याच्या इंजिनांत ही आटी बहुधा १/८ बीएसपीटी असते, इंचाला अठ्ठावीस आट्यांची. बाजारात मिळणारे बरेच अडॅप्टर १/८ एनपीटीचे, म्हणजे सत्तावीस आट्यांचे असतात. ते दोन आटे छान जातात आणि मग जड होतात. तिथे जोर लावला की ब्लॉकची आटी खराब झालीच. नळी फॅन बेल्टपासून आणि सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब बांधा.

मोजायचं दोनदा. एकदा रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, आणि एकदा खऱ्या अर्थाने गरम इंजिनावर. खऱ्या अर्थाने म्हणजे टेंपरेचरचा काटा मधे आला तेव्हा नव्हे. पाणी लवकर तापतं, ऑइल मागून तापतं. वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवून, जमल्यास एखादा चढ घेऊन या आणि लगेच मोजा. ८०० ला आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे टायमिंग लाइटवरचा किंवा हातातला आरपीएम मीटर लावायचा. अंदाजाने रेस देऊन घेतलेले आकडे पुढच्या वेळी जुळवता येत नाहीत. दर हजार आरपीएमला दहा पौंड हा जुना ठोकताळा अजूनही कामाचा आहे. या इंजिनात मला गरम असताना स्लोला दहा-बारा पौंड आणि ३००० आरपीएमला चाळीस किंवा जास्त दिसले, की मी ते इंजिन खोलायचं नाव काढत नाही. असे आकडे असूनही दिवा लुकलुकत असेल तर स्विच बदलून गाडी परत देतो.

खरं निदान आकड्यांच्या चालीत असतं. थंड असताना प्रेशर भरपूर, गरम झाल्यावर स्लोला कोसळतं, पण आरपीएम वाढवताना सरळ चढत चांगल्या आकड्याला पोचतं: म्हणजे ऑइल पातळ झालंय, किंवा बेअरिंगच्या फटी थोड्या वाढल्यात, किंवा दोन्ही. तुमच्या वर्णनावरून तुमची गाडी बहुधा या गटात असेल. थंड असतानाच प्रेशर कमी आणि रेस देऊनही फारसं चढत नाही: म्हणजे पंप, रिलीफ व्हॉल्व (प्रेशर जास्त झालं की ऑइल सोडून देणारा) किंवा ऑइल शोषून घेणारी जाळी. आधी चढतं आणि आरपीएम वाढवत गेलं की उलट खाली येतं, काटा थरथरतो: म्हणजे पंपाला ऑइल पुरत नाही, जाळी चोंदली आहे किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय. गरम असताना ३००० लाही वीसच्या वर जात नाही आणि खालून आवाज आहे: मग पहिल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर, खाली उतरावंच लागेल.

तुमच्या गटासाठी पुढची पायरी ऑइलची. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येतो का? पातळी न भरता वाढलेली दिसते का? कार्ब्युरेटरवाल्या ८०० मध्ये पेट्रोल पंप यांत्रिक असतो, त्यात रबरी डायाफ्राम असतं. ते फाटलं तर पेट्रोल इंजिनात उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्ये असल्याचं समाधान अशा वेळी फसवं असतं, कारण त्यात ऑइल किती आणि पेट्रोल किती हे पट्टी सांगत नाही. दुसरं कारण चोक. हाताने ओढायचा चोक पूर्ण मागे जात नसेल, केबल अडकत असेल, तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धूत खाली जातं. गाडी रोज घर ते बाजार एवढीच चालत असेल तर ऑइल कधी पुरेसं तापत नाही आणि आत आलेलं पेट्रोल उडून जात नाही. पंप आणि चोक दुरुस्त केल्याशिवाय नवीन ऑइल भरण्यात अर्थ नाही, महिन्याभरात तेही तसंच होईल. वास नाही पण ऑइल पांढरट आणि फेसाळ दिसतंय, रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट बघा. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला अजिबात चालत नाही.

मग तापमान. तुमचा दिवा घाटानंतर लागतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. घाटाच्या पायथ्याच्या साखरप्यापासून वर येताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला बराच वेळ भार असतो आणि समोरून हवा कमी मिळते. इतक्या जुन्या गाडीचा रेडिएटर आतून क्षाराने भरलेला असू शकतो, आणि बोअरवेलचं पाणी घालत आला असाल तर तो भरलेला असणारच. फॅनचा थर्मोस्विच उशिरा लागत असेल, थर्मोस्टॅट अडकत असेल, तर पाणी उकळण्याच्या आधीच ऑइल गरजेपेक्षा पातळ होतं. मलकापुरात थांबल्यावर फॅन लगेच सुरू होतो का ते बघा. यासोबत स्लो स्पीड तपासा. ८०० चं इंजिन ९०० आरपीएमच्या आसपास स्लोवर चालायला हवं. ते सहाशे-सातशेवर आलं असेल, विशेषतः एसी लावल्यावर खाली बसत असेल, तर पंप तेवढाच कमी फिरतो आणि दिवा सीमारेषेवर लुकलुकतो. कार्ब्युरेटरचा एक स्क्रू फिरवून जाणारं दुखणं क्रँकच्या नावावर टाकलेलं मी पाहिलंय.

हे झालं की ऑइल आणि फिल्टर बदला. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच घ्या. आपल्याकडे कार्ब्युरेटरवाल्या ८०० मध्ये वर्षानुवर्षे २० डब्ल्यू ४० वापरलं गेलंय आणि ते योग्य आहे. इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटर मावतं. त्यातलं एक लिटर जळून किंवा गळून गेलं तर उरलेल्या ऑइलला सगळी उष्णता झेलावी लागते, म्हणून पातळी वरच्या खुणेला ठेवायची सवय लावा. फिल्टर खात्रीच्या दुकानातून घ्या. बाजारात दिसायला हुबेहूब फिल्टर मिळतात, पण त्यांच्या आतला रबरी उलटझडप, जी इंजिन बंद असताना ऑइल मागे वाहू देत नाही, ती नसते किंवा कडक प्लास्टिकसारखी असते. अशा फिल्टरने सकाळी स्टार्ट केल्यावर दिवा विझायला तीन-चार सेकंद लागतात आणि तेवढा वेळ वरचा कॅम कोरडा फिरतो. जुना फिल्टर फेकू नका. पत्रा कापायच्या कात्रीने त्याचं डबडं उघडा (हॅकसॉने नको, तिचाच भुगा आत पडतो), कागद पसरून उन्हात बघा. चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड आहे. न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस कण बेअरिंगच्या थराचे असण्याची शक्यता जास्त. या कागदावरून बरंच कळतं, आणि खर्च काही नाही.

नवीन ऑइलवर त्याच रस्त्याने, तितकंच गरम करून पुन्हा प्रेशर मोजा. चार पौंडांचे दहा झाले तर तुमचं काम झालं. फरक पडला नाही तर चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवायची वेळ आली.

चेंबर उतरवण्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन ते खालून नीट बघा. ८०० ची जमिनीपासूनची उंची कमी, आणि आपल्याकडचे गतिरोधक कुणी मोजून बांधत नाही. चेंबरला दगड लागून खड्डा पडला असेल, तर आतला पत्रा ऑइल शोषणाऱ्या जाळीच्या तोंडाला टेकतो आणि तिचा घास लहान होतो. गळती काहीच नसते, त्यामुळे मालकाला तो धक्का आठवतही नाही. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती, तिला पंप नवीन बसवून झाला होता, पण चेंबर तोच ठोकलेला परत लावला होता. चेंबर सरळ करून बसवल्यावर गेज चाळीसच्या वर गेलं. नवीन पंपाची त्या गाडीला गरजच नव्हती.

दुसरी नेहमी सापडणारी गोष्ट म्हणजे सिलिकॉन. चेंबर पूर्वी कधी उतरवलं असेल आणि बसवताना ट्यूब सढळ हाताने पिळली असेल, तर आतल्या बाजूला आलेले सिलिकॉनचे दोरे सुटतात आणि जाळीवर जाऊन बसतात. जाळी काढली की तिच्या मानेतली रबरी ओ-रिंगही बघा. पंचवीस वर्षांत ती दगडासारखी कडक होते आणि पंप तिथून हवा ओढतो. चढावर किंवा ऑइल थोडं कमी असताना त्रास वाढतो. ही रिंग अगदी किरकोळ किमतीची असते, चेंबर उतरवलं की ती बदलायचीच. आत काळा चिखल साचलेला दिसला तर तो हाताने, केरोसिनने साफ करा. वरून फ्लशिंगचं द्रव ओतून इंजिन चालवायला माझा जुन्या गाड्यांमध्ये ठाम विरोध आहे. वर्षानुवर्षे कोपऱ्यात गप्प बसलेला चिखल एकदम सुटतो आणि सरळ जाळीवर येतो. काल लुकलुकणारा दिवा आज लागून राहतो.

बेअरिंगचा संशय असेल तर चेंबर उतरवण्याआधी कानाने एक चाचणी करा. गरम इंजिन स्लोच्या थोडं वर धरायचं आणि एकेका सिलिंडरची प्लगची वायर इन्सुलेटेड पक्कडीने काढून बॉडीला अर्थ करायची. एखाद्या सिलिंडरची वायर काढताच ठोका मऊ झाला किंवा गेला, तर त्या सिलिंडरचं बिगएंड सैल आहे. तीनच सिलिंडर आहेत, पाच मिनिटांत होतं. मेन बेअरिंगचा आवाज वेगळा असतो, जाड आणि खोल, भार पडल्यावर येणारा, आणि वायर काढून तो फारसा बदलत नाही. वरून येणारी टकटक टॅपेटची (व्हॉल्व दाबणाऱ्या भागांची), तिचा प्रेशरशी संबंध असेलच असं नाही. आधी टॅपेटचं क्लिअरन्स सेट करा.

चेंबर उतरल्यावर बिगएंडच्या कॅप खालूनच काढता येतात. त्यासाठी सगळं इंजिन उतरवायची गरज बहुधा पडत नाही. आड येणारा सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवावा लागतो. एका वेळी एकच कॅप काढा, तिची बाजू आणि क्रमांक खुणेने लिहून ठेवा, कॅपची अदलाबदल चालत नाही. शेलचा मऊ थर झिजून खालचा वेगळ्या रंगाचा धातू दिसायला लागला असेल तर तो शेल गेला. फट मोजायला प्लॅस्टिगेज वापरा. हा बारीक मेणचट धागा पिनवर ठेवून कॅप पूर्ण टॉर्कने आवळायची, पुन्हा सोडायची, आणि चेपलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायची. या वेळी क्रँक फिरवायचा नाही. अंगठ्याने हलवून ‘प्ले आहे’ असं सांगणाऱ्याला मी मानत नाही, ०.०८ मिलिमीटर अंगठ्याला कळत नाही. पिन मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. ती गोल असेल आणि मापात असेल तर स्टँडर्ड शेल बदलून इंजिन पुढे बराच काळ चालतं. पिन लंबगोल झाली असेल किंवा तिच्यावर नखाला लागतील अशा रेघा असतील, तरच क्रँक बाहेर, ग्राइंडिंग आणि अंडरसाइज (बारीक झालेल्या पिनला बसणारे) शेल. खराब पिनवर नवीन शेल चढवला तर प्रेशर थोडे दिवस बरं दिसतं आणि परत येतं तिथेच.

पंप या इंजिनात क्रँकच्या पुढच्या टोकावर, टायमिंग बेल्टच्या मागे आहे. एकात एक फिरणारे दोन रोटर, आणि बाहेरचं घर. पंप सहसा शेवटी झिजतो, कारण तो कायम ऑइलमध्येच असतो. त्याला घाणेरडं ऑइल मिळालं असेल तरच तो लवकर जातो. फूटपट्टी आडवी ठेवून रोटरच्या बाजूची फट फीलर गेजने बघा. ती ०.१५ मिलिमीटरच्या पुढे असेल तर पंप बदला. पंप काढायचा म्हणजे टायमिंग बेल्ट निघणारच, तर जुना बेल्ट परत लावू नका. पुढचं ऑइल सीलही त्याच वेळी घाला. बसवण्याआधी पंपात ऑइल भरा, आणि पहिल्यांदा प्लगच्या वायरी काढून दिवा विझेपर्यंत नुसता सेल्फ मारा. कोरड्या पंपाने इंजिन सुरू केलं, तर नवीन शेलचं पहिलंच मिनिट वाईट जातं.

रिलीफ व्हॉल्वबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. त्याच्या स्प्रिंगमागे वॉशर घातला की प्रेशर वाढतं, असं सांगितलं जातं. हा व्हॉल्व फक्त वरची मर्यादा ठरवतो. स्लोला दहा पौंड असताना तो पूर्ण बंद असतो, त्यामुळे स्प्रिंग कितीही कडक केली तरी स्लोचं प्रेशर एक पौंडानेही वाढणार नाही. थंड इंजिनावर मात्र ते नको इतकं चढेल आणि फिल्टरचं गॅस्केट फुटेल. व्हॉल्वचा दोष एकच: मधे कचरा अडकून तो उघडा राहणे किंवा स्प्रिंग तुटणे. तेव्हा प्रेशर थंडीतही कमी असतं, तुमच्या वर्णनात ते नाही.

राहिला जाड ऑइलचा सल्ला. २० डब्ल्यू ५० टाकलं तर स्लोचं प्रेशर वाढेल, कारण १०० अंशांना ते ४० च्या ग्रेडपेक्षा घट्ट असतं, १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक. मोजमाप झालंय, बेअरिंगचा आवाज नाही, ३००० ला पस्तीसएक पौंड मिळतात आणि फक्त गरम स्लोला काटा सीमेवर आहे, अशा गाडीला मी ते स्वतः घालतो, आणि मालकाला स्पष्ट सांगतो की झीज आहे तिथेच आहे, आपण वेळ घेतोय. दर दोन हजार किलोमीटरला गेज लावून आकडा वहीत लिहायचा. तो उतरत गेला तर खोलायचं. मोजल्याशिवाय जाड ऑइल घालणं मात्र धोक्याचं आहे, कारण त्याने दिवा विझतो आणि चोंदलेली जाळी किंवा सुटत आलेलं बिगएंड तसंच राहतं. घट्ट ऑइल चोंदलेल्या जाळीतून आणखी कमी ओढलं जातं, म्हणजे तिथे उपाय उलटाच पडतो. प्रेशर वाढवणारी म्हणून विकली जाणारी चिकट बाटलीबंद औषधं मी कुठल्याच इंजिनात घालत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा: स्विच-वायर, डिपस्टिकचा वास, चोक, फॅन, स्लो स्पीड, चेंबरचा खालून तपास. मग गेज जुन्या ऑइलवर, नंतर नवीन ऑइल-फिल्टरवर. थंड स्लो, थंड ३०००, गरम स्लो, गरम ३००० हे चार आकडे दोन्ही वेळचे लिहून कळवा, सोबत फिल्टर कापून पसरलेल्या कागदाचा फोटो आणि एसी लावल्यावर स्लो किती उतरतो ते. त्यावरून चेंबर उतरवायचं की नाही हे सांगता येईल. तोवर कुणालाही पाना लावू देऊ नका.